पडल्यावर उठणारं वावर कसं तयार करायचं

टिकाऊ शेती म्हटलं की आपण येवढंच विचारतो, दरवर्षी असंच पिकत राहील का. पण जुलैत वीस दिवस पावसानं दडी मारली किंवा अळी पडली तर हेच वावर पुढच्या हंगामात परत उभं राहील का, हे कोणी विचारत नाही, आणि मला तर हाच मोठा प्रश्न वाटते.

2017 आठवा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हिरवीगार, झाड बोंडांनी लदलेलं, अन् बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. त्याआधी बीटीवर, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या कपाशीवर, कितीक वर्ष मस्त पिकलं, सगळं टिकाऊच वाटत होतं ना. पण बॅगेसोबत 120 ग्रॅमचं बिगर बीटीचं पाकीट यायचं ते आम्ही लावलंच नाही. त्या ओळींवर वाढलेल्या साध्या पतंगांचा बीटी पचवणाऱ्या पतंगांशी संकर झाला असता तर पुढची बरीचशी अळी बीटीवर मेली असती. वरून फरदडीसाठी, म्हणजे शेवटच्या वेचणीनंतर परत येणाऱ्या बोंडांसाठी, कापूस उन्हाळ्यापर्यंत उभा, म्हणजे अळीला खायला भरपूर.

तर पेरणीआधी एक करा. वावरात काय काय लावणार ते कागदावर लिहा आणि कपाशीवर काट मारा. खाली काय उरलं? काहीच नाही, तर सहा नाहीतर आठ ओळी कपाशीमागं एक ओळ तुरीची टाकाच, तिचं मूळ खोल जाते, पावसाचा खंड सोसते अन् पालापाचोळा जमिनीतच पडते. थोडा मूग पण घ्या, 60-65 दिवसांत निघते, पोळ्याच्या सुमारास हातात दोन पैसे येतात.

पाण्याचं सोपं आहे. पेरणी उताराला आडवी करायची, आणि 30-40 दिवसांनी डवरताना (ओळींच्या मधली कोळपणी) डवऱ्याला दोरी गुंडाळायची म्हणजे ओळींच्या मधात सरी पडते. पाऊस कमी पडला तर पाणी तिथंच मुरते, जास्त झाला तर काळ्या जमिनीत साचून न राहता निघून जाते, एकाच कामात दोन्हीकडून सोय.

अळीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं नर पतंग त्यात येऊन अडकते. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ पतंग सापडले, किंवा वावरात फिरून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांत दोन किडके निघाले, तेव्हाच फवारा. उगाच आधी फवारलं तर अळी खाणारे मित्रकिडे मरतात, आणि पुढच्या वर्षी आपल्यासाठी फुकटात राबणारं कोणी राहत नाही.

उलंगवाडी, म्हणजे कपाशी उपटून वावर मोकळं करणं, डिसेंबर-जानेवारीत करूनच टाका. पऱ्हाटी चुलीला लागते हे खरं आहे, आमच्याही घरी लागते, पण उरलेली कवडी (किडकी, न फुटलेली) बोंडं तोडून जाळल्याशिवाय ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचू नका, अळी त्यातच झोपून राहते. अन् हे एकट्यानं करून भागत नाही, पतंग काही धुरा पाहून थांबत नाही, म्हणून शेजारच्या चार वावरवाल्यांशी आताच बोलून उलंगवाडीची तारीख ठरवून घ्या.