पिल्लाला पहिल्यांदा डेंटिस्टकडे नेताना

पहिला दात आला की सहा महिन्यांत, म्हणजे साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून आणायचं, दात किडून रात्री रडारड सुरू व्हायची वाट बघू नका, कारण मग पहिल्याच भेटीत ड्रिल आणि मूल कायमचं घाबरतं. दुधाचे दात काय पडणारच, असं आजी म्हणतेच, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात हो.

मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर आधी आठवडाभर घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा. त्याला मांडीवर आडवं घ्या, मोबाईलचा टॉर्च लावा, "आऽऽ कर बघू" म्हणत चमच्याच्या मागच्या बाजूने एकेक दात मोजा, मग त्याला तुमचे मोजू द्या, हे मुलांना जाम आवडतं. सगळे आले की वीस होतात.

"अजिबात दुखणार नाही" असं चुकूनही म्हणू नका, दुखणं हा शब्दच त्याच्या डोक्यात नको. "काका दात मोजणार, खुर्ची वर-खाली होणार", बस्स. आणि प्लीज, "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी घरात सगळ्यांनीच बंद करा, मला याचा खरंच राग येतो.

अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची, झोप झालेली, पोट भरलेलं. अगदी लहान असेल तर डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोर बसतात, बाळाचे पाय तुमच्याकडे, डोकं त्यांच्या मांडीवर. रडलं तर रडू दे, तेवढंच तोंड उघडतं. पेस्ट किती ते तिथेच विचारून घ्या, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.