'तापीले': ओड लिहायची कशी, आणि कौतुक संपल्यावर काय करायचं

कोणी रिटायर होणार असलं की मला फोन येतो, "भाऊ, सरांवर चार ओळी पाहिजेत, गौरवाच्या, उद्या सकाळपर्यंत." वीसेक वर्षं झाली असल्या ओळी लिहून देतोय, त्यामुळे नेटवरचे सल्ले वाचले की डोकं फिरतं. 'मनापासून लिहा', 'सुंदर उपमा वापरा'. उपमा काय बाजारात किलोवर मिळतात का भो?

तर ओड. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता गाणं असा आहे. एखादा माणूस, नदी, पाखरू, कांदा, काहीही समोर उभं करून त्याच्याशी थेट बोलायचं, सुरुवात गौरवानं करायची आणि बोलता बोलता विचारात शिरायचं. पोवाड्यात आपण दुसऱ्यांना त्याच्याबद्दल सांगतो, इथं त्यालाच सांगतो, एवढा फरक. मराठीत बऱ्याचदा नावावरूनच कळतं, शेवटी 'स' असतो. आपल्या धरणगावच्या बालकवींचं 'निर्झरास' बघा. आमच्या खानदेशी बोलीत त्याच 'स'चा 'ले' होतो, म्हणून माझ्या कवितेचं नाव 'तापीले'.

विषय हात लावता येईल असा घ्या. 'मैत्री', 'निसर्ग', 'स्त्रीशक्ती' असलं नको. चिलीचा कवी पाब्लो नेरुदा, त्यानं 1954 साली साध्यासुध्या गोष्टींवरच्या ओडचं अख्खं पुस्तक काढलं, त्यात कांदा आहे, टोमॅटो आहे. मग आपल्या भरीत ठेचायच्या लाकडी बडजीवर का नको, पिढ्यानपिढ्या मार खाल्लाय तिनं. आणि सुरुवातीला 'हे' नको, 'हे तापी' म्हटलं की नाटकातला राजा बोलतोय असं वाटतं. घरात जशी हाक मारता तशी मारा.

माहिती गोळा करा, त्यातली निम्मी फेकून द्या. रिटायरमेंटवाले इथंच घसरतात, किती साली लागले, कुठं बदली झाली, किती प्रमाणपत्रं मिळाली. पिंडार नावाचा ग्रीक कवी अडीच हजार वर्षांपूर्वी ऑलिंपिया आणि तसल्या इतर स्पर्धांत जिंकलेल्या पहिलवानांवर आणि रथवाल्यांवर पैसे घेऊन ओड लिहायचा (म्हणजे माझाच धंदा, फक्त मला नारळ आणि शाल मिळते). त्याच्या अशा 45 च्या आसपास ओड शिल्लक आहेत आणि त्यात प्रत्यक्ष शर्यतीबद्दल फार थोडं असतं, तो विजेत्याच्या घराण्याकडे जातो, देवांच्या कथांकडे जातो. शर्यत तर लोकांनी बघितलेलीच असते ना.

आता खरी अडचण. पहिल्या आठ ओळी कोणालाही जमतात. आठ ओळींनंतर कौतुक संपतं. मग माणूस काय करतो, तेच कौतुक मोठ्या आवाजात पुन्हा करतो. मीही केलंय. 'तापीले'चा पहिला खर्डा मी कोजागिरीला गावात वाचला, सूर्यकन्या, पश्चिमवाहिनी, जीवनदायिनी, सगळं होतं त्यात, बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईपासून थेट सुरतेच्या समुद्रापर्यंत. दूध पिता पिता पुढं बसलेली एक आजी म्हणाली, "चांगलं आहे भाऊ, पण तापीच्या जागी नर्मदा टाकली तरी चालीन ना हे?" चालली असती. तीही पश्चिमेलाच वाहते. दोन वर्षं ती कविता मी परत काढली नाही.

सुटलं ते पिंडारमुळेच. त्याच्या बहुतेक ओडमध्ये तीन-तीन भाग असतात, आणि कोरस पहिला भाग एका दिशेनं नाचत म्हणायचा, दुसरा उलट फिरत, तिसरा उभं राहून, असं मानतात. उलट फिरत! म्हणजे गौरवानंतर वळायचं असतं, पुढंच पळत सुटायचं नसतं. आणि माझं मत पक्कं आहे, वळायचं म्हणजे भांडायचं. ज्याच्याबद्दल तक्रारच नाही त्याच्यावर ओड लिहू नका, त्याला हार घाला आणि घरी या. सावरकरांनी 1909 मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावरून सागराला हाक मारली ती आठवा, आधी विश्वास, मग तू फसवलंस असा संताप, आणि शेवटी तर तुला एका घोटात पिणाऱ्या अगस्तीला सांगेन अशी धमकी! कीट्स या इंग्रज कवीनं 1819 मध्ये नाइटिंगेल पक्ष्याला उद्देशून लिहिलं, त्यातही तो त्या गाण्यात पार बुडतो आणि मग लक्षात येतं की आपण मेलो तरी हे गाणं चालूच राहणार, आपल्यालाच ऐकू येणार नाही. आपल्याकडे मुक्ताई, जिचं स्थान इथंच तापीकाठी, तिनं दार लावून बसलेल्या ज्ञानोबाला ताटी उघडायला लावली ती समजूत काढत, पण कान धरून.

मी तापीशी भांडायला बसलो. आधी आमचं बोअर आटल्याचा राग तिच्यावर काढला, पानभर. खोटं वाटत होतं. मग सुचलं की मी रोज भुसावळला जाताना तिचा पूल ओलांडतो आणि काठावर मात्र कितीतरी वर्षांत उतरलेलो नाही. तेव्हा आलं:

तुझ्या काठी वाढलो गं,
पाणी बोअरचं प्यालो,
तुझ्या पुलावरून मी
रोज घाईनं निघालो.

तक्रार तिच्याकडे जाता जाता माझ्याकडे फिरली. असं झालं की समजा वळण लागलं. यात नर्मदा टाकून बघा, नाही बसत.

दोन धोके सांगतो. एक, भांडण म्हणजे टिंगल नव्हे. एका सरांच्या पोटावर मी दोन ओळी केल्या होत्या, हॉल हसला, सर हसले, त्यांच्या बाई मात्र अजून माझ्याशी बोलत नाहीत. दोन, ग्रीकांच्या पहिल्या दोन भागांचं वृत्त आणि मापं सारखीच असायची, तसंच करा. बारा ओळी कौतुक आणि दोन ओळी तक्रार असं झालं तर ती तक्रार नुसती चिमटा वाटते.

छंद? अष्टाक्षरी घ्या आणि बोटं मोजा. बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' मोजा, आठच भरतात, आणि त्यांना तर लिहिता-वाचता येत नव्हतं.

शेवटी 'तू महान आहेस'वर परत येऊ नका. उभं राहून एकच काहीतरी बघा. माझी कविता पुलाच्या कठड्याला बांधून ठेवलेल्या बकरीवर संपते, का ते मला विचारू नका, ती तिथं होती.

वाचताना फोनवरून वाचू नका, मधेच कॉल येतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि 'तू' म्हणताना मान वर करून त्या माणसाकडे बघा, माइककडे नाही.