माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर पडतं : फाइलच्या नावातल्या या चुका टाळा

आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना मावसभावाची पेट्यांच्या ऑर्डरी घेणारी साइट अडली. तो देवगडला, विंडोजच्या लॅपटॉपवर. मी रत्नागिरीत, मॅकवर. आमच्या दोघांच्याही मशीनवर बिल्ड (कोडपासून चालणारी साइट तयार करणं) नीट होत होता, पण गिटवर, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रोग्रामवर, पुश केलं की भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर दर वेळी तीच ओळ यायची : मॉड्यूल नॉट फाउंड. "दादा, माझ्याकडे तर चालता मा," तो फोनवर परत परत सांगत होता. आणि ते खरंच होतं.

सापडत नाही म्हणून सांगितलेली फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधल्या कोडच्या साठ्यात, समोर दिसत होती. मी कॅशे साफ केला, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल केलं, नोडचं व्हर्जनही बदलून पाहिलं. दीड तास गेला. शेवटी लॉगमधली ओळ आणि गिटमधलं नाव एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर वाचलं. फाइलचं नाव 'ऑर्डरकार्ड', त्यात 'ओ' आणि 'सी' दोन्ही कॅपिटल. इम्पोर्ट करताना, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून ती मागवताना, 'सी' स्मॉल पडला होता. बस, एवढंच.

आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल असा प्रकारच नाही, त्यामुळे डोळा हा फरक सहज गाळतो. पण 'दिन' आणि 'दीन' आपण एक मानत नाही. लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याची पद्धत) इंग्रजी अक्षरांकडे तशीच बघते : कॅपिटल 'सी' वेगळा, स्मॉल 'सी' वेगळा, आणि त्या दोन नावांच्या दोन स्वतंत्र फाइली असू शकतात. मॅकवर २०१७ पासून येणारी एपीएफएस ही फरक नेहमीच्या सेटिंगमध्ये मानत नाही, त्याआधीची एचएफएस प्लसही मानत नसे. विंडोजच्या एनटीएफएसला तो साठवता येतो, पण विंडोजवरचे प्रोग्राम सहसा फाइल मागताना तो बघत नाहीत. फसगत होते ती पुढच्या गोष्टीमुळे : मॅक आणि विंडोज तुम्ही लिहिलेलं नाव जसंच्या तसं जपून ठेवतात, फक्त शोधताना कॅपिटल-स्मॉल तपासत नाहीत. म्हणून यादीत सगळं बरोबर दिसतं आणि चुकीच्या नावानं मागितलं तरी फाइल मिळते.

तेव्हा 'माझ्याकडे चालतं आणि लिनक्सवर फाइल सापडत नाही' असं दिसलं, की कॅशेला हात लावू नका. आधी 'गिट एलएस-फाइल्स' ही गिटमधल्या नावांची यादी देणारी कमांड चालवा. मॅकचा फाइंडर किंवा विंडोजचा एक्सप्लोरर फाइलींच्या खिडकीत काय दाखवतो ते सोडा, गिटनं जे नाव नोंदवलंय तेच सर्व्हरला मिळणार आहे.

फाइंडरमधून नाव बदललं म्हणजे झालं, असं समजू नका

या चुकीत सगळ्यात जास्त वेळ जातो. चूक सापडली, तुम्ही फाइंडरमध्ये जाऊन 'सी' कॅपिटलचा स्मॉल केलात, आणि 'गिट स्टेटस' म्हणतं की काहीच बदललेलं नाही. कारण क्लोन करताना, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत उतरवताना, गिट डिस्कची परीक्षा घेतं आणि कॅपिटल-स्मॉल सारखंच धरणारी डिस्क असेल, तर 'कोअर डॉट इग्नोअरकेस' हे सेटिंग ट्रू करून ठेवतं. नुसत्या केसचा, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा, बदल मग त्याला दिसतच नाही.

यावर हे सेटिंग फॉल्स करून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. कृपा करून तसं करू नका. डिस्क बदललेली नसते, फक्त गिटला डिस्कबद्दल खोटी माहिती मिळते. मग गिटमध्ये एकाच फाइलच्या दोन नोंदी होऊ शकतात, एक कॅपिटलची आणि एक स्मॉलची, आणि तो गुंता टीममधल्या प्रत्येकाच्या मशीनवर जातो. नाव गिटकरवीच बदला : 'गिट एमव्ही', मग जुनं नाव, मग नवं. एकट्या फाइलसाठी हल्लीच्या गिटमध्ये एवढं पुरतं. फोल्डर असेल तर दोन टप्प्यांत करा. आधी तात्पुरतं भलतंच नाव द्या, मग हवं ते, आणि दोन्ही झाल्यावर एकच कमिट (गिटमधली नोंद) करा. थेट केलंत तर एरर येते, कारण डिस्कच्या लेखी दोन्ही फोल्डर एकच असतात.

डॉकरमध्ये चाललं म्हणून निर्धास्त राहू नका

डॉकर प्रोग्राम एका बंदिस्त डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतो, आणि तो कंटेनर लिनक्सचा असतो हे खरं. पण मॅकवरचं कोडचं फोल्डर बाइंड माउंट करून, म्हणजे आहे तिथूनच जोडून, आत दिलं असेल, तर त्याच्या खाली डिस्क मॅकचीच राहते आणि चुकीचं नाव आतही चालून जातं. खरी चाचणी हवी असेल, तर कंटेनरच्या आत ताजा क्लोन घ्या आणि तिथे बिल्ड करा. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवा, सी ड्राइव्हवर नको.

उलट्या दिशेचाही त्रास आहे. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये नेटफिल्टर या नेटवर्कच्या भागात केवळ केसनं वेगळ्या असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, उदाहरणार्थ 'एक्सटी अंडरस्कोर डीएससीपी' एकदा कॅपिटलमध्ये आणि एकदा स्मॉलमध्ये. मॅकवर तो क्लोन केला की जोडीतली एकच फाइल डिस्कवर उरते, आणि तुम्ही काहीही न बदलता गिट 'मॉडिफाइड' म्हणू लागतं. अशा कामासाठी डिस्क युटिलिटीतून केस-सेन्सिटिव्ह एपीएफएसचं वेगळं व्हॉल्यूम करा. अख्खी सिस्टिम डिस्क तशी करू नका, त्यावर काही प्रोग्राम चालत नाहीत. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एकेका फोल्डरपुरती ही सोय 'एफएसयुटिल'नं चालू करता येते.

'व्हर्जन' नावाची कॅपिटल फाइल

ही अडचण मॅक आणि विंडोजवर येते, लिनक्सवर नाही, आणि एररवरून कारण ओळखणं फार कठीण जातं. सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टच्या मुळाशी कॅपिटल अक्षरांत 'व्हर्जन' नावाची फाइल असते, आत १.४.२ असा एक आकडा. सी प्लस प्लस २० पासून स्टँडर्ड लायब्ररीत स्मॉल अक्षरांतलं 'व्हर्जन' हे हेडर (कोडमध्ये ओढून घ्यायची फाइल) आलं, आणि लायब्ररीतली इतर हेडर्स ते स्वतःहून ओढतात. इन्क्लूडच्या वाटेत, म्हणजे हेडर शोधायच्या फोल्डरांत, प्रोजेक्टचं मूळ फोल्डर असेल, तर कंपायलरला आधी तुमची फाइल सापडते आणि तो १.४.२ ला कोड समजून वाचायला जातो. एरर मात्र दाखवतो लायब्ररीच्या पोटातली, जिला तुम्ही कधी हातही लावलेला नसतो. फाइलला टीएक्सटी एक्स्टेन्शन द्या, किंवा मूळ फोल्डर इन्क्लूडच्या वाटेतून काढा.

याच जातीची दुसरी अडचण मेक या बिल्ड करणाऱ्या प्रोग्रामची. कॅपिटलमधली 'इन्स्टॉल' नावाची माहितीची फाइल शेजारी असली, की 'मेक इन्स्टॉल' काहीच न करता 'अप टु डेट' म्हणून गप्प बसतं. टार्गेट 'फोनी', म्हणजे फाइल नसलेलं नुसतं कामाचं नाव, म्हणून जाहीर केलं की सुटतं.

देवनागरी नावांना कॅपिटल-स्मॉलचा त्रास नाही, म्हणून मावसभाऊ फोटोंना मराठी नावं देत होता. तिथेही एक अक्षर जपा : 'किनाऱ्यावर' मधला ऱ. युनिकोडमध्ये तो एका चिन्हात लिहिता येतो, तसाच साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांतही. मॅक दोन्ही एकच मानतो, लिनक्स वेगळे धरतं, आणि पडद्यावर काडीचा फरक दिसत नाही.

तपासणी आपल्याच मशीनवर लावून घ्या. टाइपस्क्रिप्टमध्ये 'फोर्स कन्सिस्टंट केसिंग इन फाइल नेम्स' हा पर्याय ५.० पासून, म्हणजे २०२३ पासून आपोआप चालू असतो. त्याआधीचं व्हर्जन असेल तर हातानं चालू करा. क्लँग हा सी प्लस प्लसचा कंपायलर चुकीच्या केसच्या इन्क्लूडवर वॉर्निंग देतो, ती बंद करू नका. रिपॉझिटरीत जोड्या शिरल्यात का हे बघायला 'गिट एलएस-फाइल्स'चं आउटपुट 'सॉर्ट -एफ' आणि पुढे 'युनिक -आय -डी' मधून काढा. काही छापलं गेलं तर तिथे टक्कर आहे. फोल्डरच्या नावांतली टक्कर यात पकडली जाईलच असं नाही, ती डोळ्यांनी बघा. आम्ही आता सगळी नावं स्मॉलमध्ये, मध्ये हायफन, असं ठरवलंय.

त्या संध्याकाळी 'सी' कॅपिटल केला आणि बिल्ड पास झाला. साइट उघडली तर हापूसच्या पेटीचे फोटो गायब. मावसभावाच्या कॅमेऱ्यानं एक्स्टेन्शन कॅपिटल 'जेपीजी' दिलं होतं, आम्ही कोडमध्ये स्मॉल लिहिलं होतं, आणि विंडोज मुळात एक्स्टेन्शन लपवूनच दाखवतं. पब्लिक फोल्डरमधले फोटो बिल्ड तपासत नाही, ते पान उघडल्यावरच मागितले जातात. त्याच्या एक्सप्लोररमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून दिलं, अकरा फोटोंची नावं गिटमधूनच बदलली, आणि रात्री साडेनऊला पहिली ऑर्डर आली.