भुताचा मुखवटा उतरवा: बेळगावी रहस्यपत्ते घरच्या घरी

'स्कूबी-डू' ही कार्टून मालिका अमेरिकेत १९६९ साली सुरू झाली. चार तरुण आणि एक भित्रा कुत्रा गाडीतून कुठल्यातरी पडक्या जागी पोचतात, भूत मागे लागतं, पळापळ होते आणि शेवटी मुखवटा ओढला की आत आधी भेटलेलाच कुणीतरी इसम निघतो. त्याला जमीन लाटायची असते, नाहीतर चोरीचा माल दडवायचा असतो. या साच्यावर घरी पत्त्यांचा खेळ बनवताना बहुतेक जण 'कोण' आणि 'कुठे' यावरच थांबतात. खरी मजा मात्र 'कशासाठी' यात आहे. रात्री-अपरात्री चादर पांघरून हिंडायची हौस कुणालाच नसते, त्यामागे काहीतरी फायदा असतो. तो फायदा पत्त्यांत आला नाही तर खेळ नुसता अंदाजपंचे होतो.

कोण, कुठे आणि कशासाठी हे ओळखायचा हा खेळ तीन ते पाच भिडूंचा. दोघांत तो रंगत नाही, सहा असतील तर जोड्या करा.

पानं कापणे

एकूण ३२ पानं लागतात. ए-फोर आकाराच्या जाड कार्डशीटवर साडेसहा बाय नऊ सेंटिमीटरची नऊ पानं बसतात, म्हणजे चार शीटमध्ये काम होतं आणि चार पानं बिघडली तरी चालतं. जुन्या लग्नपत्रिका वापरायचा मोह होईल. त्यात एक अडचण आहे. प्रत्येक पत्रिकेची जाडी वेगळी, कोपऱ्यात हळदी-कुंकवाचे डाग, त्यामुळे दुसऱ्या डावापर्यंत पोरांना पाठ बघूनच पान ओळखू येतं. घरच्या एखाद्या लग्नातला न वाटलेला गठ्ठा माळ्यावर पडला असेल तर मात्र उत्तम: कागद एकसारखा आणि डागही नाहीत. छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवून वर चित्र काढा.

कापायला कात्रीऐवजी स्टीलची पट्टी आणि कटर घ्या, आणि कटर मोठ्यांच्याच हातात राहू द्या. कोपरे गोल करायला नेलकटर झकास चालतं. टोकदार कोपरे पिसताना दुमडतात आणि दुमडलेलं पान लगेच ओळखू येतं. लॅमिनेशन करू नका. पानं निसरडी होतात, पिसताना हातातून सांडतात.

जाता जाता: आंबोली घाट उतरलं की सावंतवाडी, तिथल्या गंजिफा या पारंपरिक पत्त्यांची पानं गोल असतात आणि दशावतारी संचात ती १२० भरतात. दिसायला देखणी, पण घरी एकसारखे गोल कापणं म्हणजे डोक्याला ताप. आपण आपले चौकोनीच बरे.

रहस्याची १८ पानं

संशयित सहा: जमिनीचा एजंट, वखारीचा मुनीम, टेम्पोवाला, लॉजचा मॅनेजर, पर्यटकांचा गाईड, निवृत्त हेडमास्तर. पोरं हमखास गल्लीतल्या एखाद्या खडूस काकांचं चित्र काढायला बघतील. तेवढं होऊ देऊ नका, काकांना कळायला वेळ लागत नाही.

जागा सहा: बेळगावच्या किल्ल्याचा खंदक, राजहंसगड, गोकाक धबधब्यावरचा झुलता पूल, निपाणीची तंबाखूची वखार, खानापूरची कुंभाराची भट्टी आणि बारापेडेची गुहा. ही शेवटची जागा भुताच्या कथेसाठीच घडवल्यासारखी आहे. खानापूरच्या जंगलातल्या या गुहेत एका दुर्मीळ जातीची वटवाघळं राहतात. त्या जातीची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली आणि पुढे कित्येक वर्षं तिचं जगातलं एकच माहीत असलेलं ठिकाण हीच गुहा होती. संध्याकाळी तिथून फडफडत काहीतरी बाहेर पडलं तर ते काय असेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. देवळं आणि दर्गे मात्र पत्त्यांत घेऊ नका.

हेतू सहा, आणि प्रत्येकाला एक वस्तू ठरवा. जमीन स्वस्तात लाटणे: शिक्का मारलेला उतारा. पुरलेलं धन: कुदळ. चोरटा माल दडवणे: ताडपत्री टाकलेली पोती. जुनी मूर्ती विकणे: गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती. विम्याचे पैसे: जळकी फाईल. शेजारच्या धंद्याला पळवून लावणे: टाळं ठोकलेलं दुकान.

पानांवर अक्षर लिहू नका, फक्त चित्र काढा. आपल्याकडे एका सतरंजीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी माध्यमाची पोरं सहज एकत्र बसतात. लिहिलेलं पान कुणाला तरी वाचून दाखवावं लागतं, आणि वाचून दाखवलं की गुपित फुटलंच. चित्राला ज्याला जे नाव द्यायचं ते देऊ दे.

धांदलीची १४ पानं

भूत चार, कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) तीन, चष्मा दोन, सापळा पाच. पाठ रहस्याच्या पानांपेक्षा वेगळ्या रंगाची ठेवा.

भुतं आपलीच घ्या: मुंजा, हडळ, खवीस, मानकाप्या. हडळीचे पाय उलटे असतात हे पोरांना आजीकडून माहीत असतं, म्हणून या हडळीच्या लुगड्याखाली सरळ पाय आणि त्यात रबरी चप्पल काढा. पान हातात आलं की आधी सगळ्यांची नजर तिथेच जाते.

डाव मांडणे

संशयित, जागा आणि हेतू यांचे तीन गठ्ठे वेगवेगळे पिसा. प्रत्येकातलं एक पान न बघता पाकिटात घाला. हाच आजचा गुन्हा. उरलेली १५ पानं एकत्र पिसून वाटा. तिघांना पाच-पाच, पाच जणांना तीन-तीन. चौघांत एकाला एक पान कमी येतं, उतारी, म्हणजे पहिली पाळी, त्याला द्या. प्रत्येकाला अठराही चित्रांची नावं लिहिलेली एक चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. आपल्या हातातली पानं चिठ्ठीवर आधीच खोडून टाकायची. धांदलीचा गठ्ठा मधे पालथा ठेवा.

खेळणे

पाळी आली की धांदलीचं एक पान उचला आणि मग विचारा: "टेम्पोवाला, राजहंसगड, कुदळ?" डावीकडच्या भिडूकडे यातलं काही असेल तर त्याने एकच पान, फक्त तुम्हाला, आडोशाने दाखवायचं. त्याच्याकडे काहीच नसेल तर प्रश्न पुढच्याकडे जातो. पान दिसलं की तिथेच थांबायचं.

समजा त्याने राजहंसगड दाखवला. तुम्ही गड खोडला. बाकीच्यांना मात्र एवढंच कळलं की तिघांतलं काहीतरी त्याच्याकडे आहे. मुरलेला भिडू विचारताना आपल्याच हातातलं एक पान मुद्दाम घुसडतो. "राजहंसगड" म्हणताना गड त्याच्याच हातात असतो, आणि कुणीच काही दाखवलं नाही की समोरचे दोघे भलत्याच दिशेने धावतात. मग "खोटं खेळतोस की रे!" असा आरडाओरडा होतो, पण हे नियमात बसतं. दाखवणाऱ्यानेही डोकं चालवावं: दोन पानं जुळत असतील तर त्या भिडूला पूर्वी दाखवलेलंच पुन्हा दाखवावं.

आता धांदलीची पानं. भूत निघालं की सगळे पळतात: प्रत्येकाने हातातलं एक पान निवडून, पालथं, डावीकडच्याला एकाच वेळी द्यायचं आणि उचलणाऱ्याची पाळी संपली. म्हणून चिठ्ठीवर 'अमुक पान अमक्याकडे' असं लिहून उपयोग नाही, पान फिरत राहतं. दिसलेलं पान नुसतं खोडा.

कुंदा समोर उघडा ठेवा. मालिकेत खाऊचं आमिष दाखवलं की घाबरलेल्या कुत्र्याला धीर येतो, तसा इथे कुंद्याने येतो: भूत निघालं तरी कुंदा खर्चून तुम्ही प्रश्न विचारू शकता, पानांची फिरवाफिरव झाल्यावर.

चष्मा लगेच वापरायचा. त्या पाळीत तीनऐवजी एकाच चित्राबद्दल विचारायचं. सगळ्यांनी नकार दिला तर ते पाकिटात आहे, नाहीतर विचारणाऱ्याच्याच हातात. मालिकेतल्या चौघांपैकी वेल्माचा चष्मा नेमका ऐन वेळी हरवतो, त्याची ही भरपाई.

सापळा नसेल तर आरोप करता येत नाही. तो समोर ठेवा, पण एकावेळी एकच. दुसरा आला तर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवा. वापरलेली पानं बाजूला टाका आणि गठ्ठा संपला की तीच पिसून पुन्हा मांडा.

मुखवटा ओढणे

खात्री झाली की आपल्या पाळीत, प्रश्नाऐवजी, सापळा टाका आणि तिन्ही नावं जाहीर करा. पाकीट उघडण्याआधी मात्र गोष्ट सांगावी लागते: या माणसाने याच जागी, या हेतूसाठी भुताचं सोंग कसं वठवलं? लॉजच्या मॅनेजरला झुलत्या पुलावर पोती कशाला न्यायची होती? धुक्यात टॉर्च कुणी धरला? तीन-चार वाक्यं पुरे. हा नियम काही जण गाळतात, पण मी तो गाळू देत नाही. इथेच लाजरी मुलं बोलायला लागतात आणि इथेच 'कशासाठी'चं पान वसूल होतं.

मग पाकीट एकट्याने बघायचं. बरोबर असेल तर पानं उघडा, आणि ज्याने सर्वांत कमी चित्रं खोडली असतील त्याने गुन्हेगाराच्या थाटात ओरडायचं, "या पोरांनी नाक खुपसलं नसतं तर सुटलो असतो!" चूक असेल तर पानं गुपचूप परत ठेवा, सापळा वाया. त्या भिडूने पुढे विचारायचं नाही आणि धांदलीचं पान उचलायचं नाही, पण इतरांना पानं दाखवायची आणि भूत निघालं की फिरवायचीही.

दोन-चार रविवारांनंतर हेतूंची सहा पानं बदलून बघा, माणसं आणि जागा त्याच ठेवून. पावसाळ्यात पानं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. खानापूर-जांबोटीकडची ओल कार्डशीटला आठवडाभरात फुगवते, आणि फुगलेली पानं पिसली जात नाहीत.