बिटकॉइन मायनिंग कंपनीचा शेअर घ्यायचाय? आधी तिचं विजेचं बिल वाचा

जालन्याच्या एमआयडीसीत भट्टी चालवणाऱ्या कारखानदाराला धंद्याचं विचारा, भंगाराच्या भावाआधी तो युनिटचा दर सांगेल. बिटकॉइन मायनिंग कंपनीचं गणित याच जातीचं आहे. (बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद करण्यासाठी यंत्रांनी गणिती कोडं सोडवायचं आणि बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळवायचे, याला मायनिंग म्हणतात.) मालाचा भाव जगाचा बाजार ठरवतो. कंपनीच्या हातात उरतो तो विजेचा करार, यंत्रांचा दर्जा आणि कर्जाचा बोजा. शेअर घेण्याआधी या तीन गोष्टी कुठे बघायच्या, आणि लातूर-नांदेडात बसून तो शेअर कायदेशीरपणे कसा घ्यायचा, एवढंच इथे सांगायचं आहे.

त्याआधी एक गाळणी लावून घ्या. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर कुणी ‘मशीन भाड्याने घ्या, रोज डॉलर जमा’ म्हणत असेल तर तो शेअर नव्हे. गेनबिटकॉइन योजनेत असंच ‘क्लाउड मायनिंग’च्या नावाखाली १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं, आणि २०१८ मध्ये पोलीस कारवाई सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या गुंतवणूकदारांचेही पैसे त्यात अडकलेले होते. ओळखायची खूण साधी आहे. खरी कंपनी नॅसडॅकसारख्या बाजारात नोंदलेली असते, तिची कागदपत्रं अमेरिकेच्या सेक या नियामकाच्या ‘एडगर’ संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात, आणि शेअरचे पैसे कुणाच्या यूपीआयवर किंवा वॉलेटवर जात नाहीत. दरमहा ठरावीक टक्क्यांची हमी दिसली की उठून चालू लागायचं, पुढचा प्रश्नही विचारायचा नाही.

एका यंत्राचा हिशोब

कंपनीचा ताळेबंद उघडण्याआधी एका यंत्राचा हिशोब कागदावर करा. अँटमायनर एस२१ हे यंत्र सेकंदाला २०० टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे कोड्याच्या उत्तरासाठी एक लाख कोटी प्रयत्न) काम करतं आणि साधारण ३,५०० वॅट वीज खातं. म्हणजे दिवसाला ८४ युनिट. बिटकॉइनचा एक ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा) सरासरी १० मिनिटांनी सापडतो, दिवसाला १४४. एप्रिल २०२४ च्या हाविंगपासून (म्हणजे बक्षीस निम्मं होण्यापासून) एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, म्हणजे जगभरात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवे बिटकॉइन. जगातल्या सगळ्या यंत्रांची एकूण ताकद १,००० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरली, तर आपल्या एका यंत्राच्या वाट्याला दिवसाला ०.००००९ बिटकॉइन येतो. व्यवहार-शुल्काची थोडी भर पडते, ती इथे सोडून देऊ.

भाव १,००,००० डॉलर असेल तर रोजची आवक ९ डॉलर. वीज युनिटला ५ सेंट असेल तर बिल ४.२० डॉलर आणि हातात ४.८० डॉलर. तीच वीज ८ सेंटला पडली तर बिल ६.७२ आणि हातात २.२८. आता भाव ६०,००० वर आणा. आवक ५.४० डॉलर. स्वस्त विजेवाल्याकडे १.२० डॉलर उरतो, आणि ८ सेंटवाला यंत्र चालू ठेवून रोज १.३२ डॉलर घालवतो. बिटकॉइन ४० टक्के पडला तेव्हा स्वस्त विजेवाल्याची शिल्लकही ७५ टक्के आटली. मायनिंगचे शेअर बिटकॉइनपेक्षा जास्त उड्या का मारतात, ते या आकड्यांत आहे. वर पगार, व्याज, यंत्रांची झीज हे सगळं अजून यातूनच जायचं आहे.

आवक आणखी दोन बाजूंनी कुरतडली जाते. जगात नवी यंत्रं लागली की दर २,०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, कोडं अवघड होतं आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. दुसरी बाजू पुढच्या हाविंगची. ते २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे आणि बक्षीस १.५६२५ वर येईल. वरच्या हिशोबातले ९ डॉलर तेव्हा ४.५० होतात. बाकी काही न बदलता हे होईल असं नाही, पण ‘बिटकॉइन वर जाणारच’ एवढ्या भरवशावर शेअर घेणाऱ्याने हा आकडा एकदा लिहून काढावा.

कंपनीच्या कागदांत काय शोधायचं

मारा, रायट प्लॅटफॉर्म्स, क्लीनस्पार्क, कोअर सायंटिफिक, सायफर, आयरेन ही या धंद्यातली नॅसडॅकवरची नावं. यातलं एखादं निवडा, एडगरवर तिचा ताजा तिमाही अहवाल (१०-क्यू) आणि वार्षिक अहवाल (१०-के) उघडा.

पहिल्याच पानावर एकूण शेअरची संख्या असते. ती मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी मांडा. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. या कंपन्यांना यंत्रं आणि जागेसाठी सतत पैसा लागतो, आणि तो त्या बऱ्याचदा बाजारात नवे शेअर विकून किंवा पुढे शेअरमध्ये बदलता येणारे रोखे काढून उभा करतात. समजा, कंपनीकडे १०,००० बिटकॉइन आणि १० कोटी शेअर होते. वर्षभराने १५,००० बिटकॉइन आणि २० कोटी शेअर झाले. बातमी येते, ‘साठा ५० टक्क्यांनी वाढला.’ तुमच्या १,००० शेअरमागे मात्र आधी ०.१ बिटकॉइन होता, आता ०.०७५ आहे. एकूण आकडा वाचून टाळ्या वाजवायच्या नाहीत. प्रत्येक आकड्याला शेअरच्या संख्येने भागून मगच बघायचं.

पुढे विजेचा दर. बऱ्याच कंपन्या तो प्रति युनिट सेंटमध्ये देतात. करार किती वर्षांचा, दर बांधलेला की बाजाराप्रमाणे हलणारा, हे बघा. टेक्सासमध्ये उन्हाळ्यात विजेची मागणी वाढली की यंत्रं बंद ठेवून उलट पैसे मिळवता येतात. रायटने ऑगस्ट २०२३ मध्ये ३३३ बिटकॉइन काढले आणि वीज न वापरण्याच्या मोबदल्यात ३.१७ कोटी डॉलरच्या सवलती कमावल्या. त्या महिन्याच्या उत्पादनाचा आकडा तेवढा वाचला असता तर कंपनी बुडाली असंच वाटलं असतं.

यंत्रांचा दर्जा ‘जूल प्रति टेराहॅश’मध्ये मोजतात. एस२१ साधारण १७.५, जुनं एस१९ ३४ च्या आसपास. आकडा जितका लहान, तितकी कमी वीज. जाहिरातीत ‘आमची क्षमता इतकी एक्साहॅश’ म्हटलेलं असतं. त्यातली आज चालू किती आणि पुढच्या वर्षी येणार म्हणून सांगितलेली किती, ते वेगळं करा.

नफ्याचा आकडा जपून वाचा. अमेरिकेतल्या नव्या हिशोबनियमांमुळे २०२५ च्या आर्थिक वर्षापासून साठ्यातल्या बिटकॉइनचा भाव चढला-उतरला की तो फरक थेट नफ्या-तोट्यात येतो. एकही यंत्र न हलता नफा फुगू शकतो. साठ्यातले किती बिटकॉइन तारण आहेत, हेही टिपांमध्ये लिहिलेलं असतं.

कर्ज शेवटी सांगतोय, पण ते हलकं नाही. कोअर सायंटिफिक ही अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मायनिंग कंपन्यांपैकी एक. पडलेला भाव, महाग वीज आणि हप्ते यांत सापडून डिसेंबर २०२२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. यंत्रं चालूच होती. जानेवारी २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर पडली आणि मग कोअरवीव्ह या क्लाउड कंपनीला एआयसाठी जागा व वीज देण्याचे लांब मुदतीचे करार केले. आयरेनने नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टशी ९७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. म्हणजे आज ‘मायनिंग’ म्हणून घेतलेल्या शेअरची किंमत बऱ्याचदा डेटा सेंटरच्या अपेक्षेवर उभी असते. बिटकॉइनसाठी घेताय की एआयसाठी, हे आधी स्वतःशी ठरवा, नाहीतर शेअर पडल्यावर कारणच सापडत नाही.

एक कंपनी निवडणं जड वाटत असेल तर अशा कंपन्यांची टोपली असलेला ईटीएफही (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) आहे, त्याचा टिकर म्हणजे बाजारातलं छोटं नाव डब्ल्यूजीएमआय. त्याने एका कंपनीच्या दिवाळखोरीचा धोका पसरतो, बिटकॉइनच्या पडझडीचा नाही.

पैसे पाठवायचे कसे

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. आधी परदेशी शेअरची सोय देणाऱ्या ब्रोकरकडे पॅन, पत्त्याचा पुरावा आणि डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी कर-फॉर्म भरून खातं उघडा. मग बँकेत परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म. तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम बहुधा होत नाही, फॉर्म जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शाखेकडे जातो आणि दिवस मोडतात. नेटबँकिंगवर एलआरएसची सोय असलेली बँक असेल तर हेलपाटे वाचतात.

अडतं ते या ठिकाणी. बँकेत खातं वर्षभर जुनं नसेल तर बँक मागच्या वर्षाचा दुसऱ्या बँकेचा उतारा मागते. पैसे स्वतःच्याच खात्यातून गेले पाहिजेत. भावाच्या किंवा सोयाबीन घेतलेल्या आडत्याच्या खात्यातून पाठवलेले ब्रोकर परत करतो. अशा गुंतवणुकीसाठी बँकेला कर्ज देता येत नाही, तेव्हा पीककर्ज किंवा सोनेतारणाचा पैसा इकडे वळवायचा विचारही नको. ब्रोकरकडे उधारीवर, म्हणजे मार्जिनवर, व्यवहार करायलाही एलआरएसमध्ये परवानगी नाही.

खर्चात बँकेचं शुल्क, स्विफ्टचं (देशाबाहेर पैसे पाठवायच्या यंत्रणेचं) शुल्क, चलनबदलावरचा जीएसटी (१ लाखापर्यंत ४५ ते १८० रुपये) आणि डॉलरच्या दरातला बँकेचा कट येतो. हा कट पावतीवर वेगळा दिसत नाही. त्या दिवशीचा बाजारदर आणि तुम्हाला लावलेला दर यांतला फरक स्वतः काढा. दर महिन्याला ५,००० पाठवण्यापेक्षा तीन-चार महिन्यांचे एकदम पाठवलेले परवडतात. वर्षात सगळ्या बँका मिळून १० लाखांच्या वर रक्कम गेली की वरच्या भागावर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ घेतलेला कर) कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. आणि पाठवलेले डॉलर नुसते पडून ठेवता येत नाहीत. १८० दिवसांत गुंतवा नाहीतर परत आणा.

किती पैसे घालायचे? आमच्या मते एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये, आणि पेरणी, फी, लग्नाचा पैसा यातला एक रुपयाही त्यात नको.

ऑर्डर टाकताना

अमेरिकी बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ते रात्री १.३० आणि हिवाळ्यात ८ ते २.३० चालतो. पहिला अर्धा तास सोडून द्या. बिटकॉइन रात्रंदिवस चालतो, त्यामुळे हे शेअर उघडतानाच मोठी उडी घेतात. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकू नका, लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाच्या वर न जाणारी खरेदी) टाका. शेअरचा तुकडा घेताना काही ब्रोकर लिमिटची सोयच देत नाहीत, ते आधी विचारा. ठरवलेली रक्कम चार भागांत, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने घाला. तिमाही निकालाच्या आदल्या रात्री खरेदी टाळा: निकालापाठोपाठ नवे रोखे काढल्याची घोषणा या धंद्यात नवी नाही.

कर आणि रिटर्न

कंपनीचा शेअर म्हणजे क्रिप्टो नव्हे. बिटकॉइन विकल्यावर लागणारा ३० टक्के सरसकट कर आणि १ टक्का टीडीएस इथे लागत नाही, आणि तोटा इतर भांडवली नफ्याशी नियमाप्रमाणे वळता करता येतो. २४ महिन्यांनंतर विकला तर १२.५ टक्के, आधी विकला तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. आपल्याकडच्या शेअरवर मिळणारी १.२५ लाखांची सूट इथे नाही.

मराठवाड्यात खरा घोळ होतो तो रिटर्नमध्ये. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून कधीच रिटर्न न भरलेल्या माणसानेही परदेशी शेअर घेतला की रिटर्न भरणं बंधनकारक होतं, भले वर्षभरात काही विकलं नसेल. आयटीआर-१ किंवा ४ चालत नाही, २ किंवा ३ लागतो. त्यात ‘शेड्यूल एफए’ हा परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, आणि तो एप्रिल ते मार्च नव्हे तर जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचा. खरेदीची तारीख, वर्षातली सर्वोच्च किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, सगळं स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने (बँक डॉलर विकत घेते तो दर) रुपयांत. हे दडवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला (स्थावर सोडून) या दंडातून सूट आहे, पण माहिती देण्यातून नाही. गावातल्या कर सल्लागाराने हे शेड्यूल याआधी भरलंय का, हे फी ठरवायच्या आधीच विचारा.

अमेरिकेतल्या मालमत्तेची किंमत ६०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर मृत्यूनंतर तिथला वारसा कर वारसांना लागू होऊ शकतो. शिवाय अशा ब्रोकर खात्यांना आपल्याकडच्यासारखं नॉमिनेशन नेहमी मिळत नाही. ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक आणि नोंदवलेला ईमेल एका कागदावर लिहून तो शेताच्या सातबाऱ्यासोबत घरात ठेवा.