जळगाव-धुळ्याकडून दर आठवड्याचा गेमिंग पॉडकास्ट कसा सुरू करायचा

मोठा गेम संपवायला ३०-४० तास सहज जातात. कॉलेज किंवा नोकरी सांभाळून ते एका आठवड्यात जमत नाही, आणि दर आठवड्याला नवं परीक्षण देऊ असं ठरवणारे पॉडकास्ट इथेच अडकतात. अर्धवट खेळून बोललेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. म्हणून चर्चा दर आठवड्याला ठेवा आणि पूर्ण परीक्षण महिन्यातून एकदाच करा. बाकीच्या भागांत नवे अपडेट, एखादा जुना गेम किंवा एकच वादाचा विषय घ्या. पहिल्या परीक्षणाला छोटा गेम बरा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) शनिवार-रविवारात संपतो आणि त्यावर बोलण्यासारखंही भरपूर आहे.

तीन भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. परीक्षा आणि लग्नसराई ठरलेल्याच आहेत. हाताशी साठा नसेल तर तिथेच खंड पडतो.

दोघांनी बोलायचं असेल तर दोन डायनॅमिक माइक घ्या. कंडेन्सर माइक जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे स्लॅबच्या खोलीतला घुमारा, शेजारचा मिक्सर, रस्त्यावरचा हॉर्न असं सगळं उचलतो. बजेट नसेल तर प्रत्येकाच्या फोनला वायरचा इअरफोन लावून आपापलं रेकॉर्डिंग करा. ब्लूटूथ नको, त्याचा माइक सुरू झाला की आवाज फोनकॉलसारखा चपटा होतो. दोन्ही फोनवर रेकॉर्डिंगचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सुरुवातीला एकदा जोरात टाळी वाजवा, दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवता येतात. शेवटीही एक टाळी हवी. तासाभरात दोन फोनची घड्याळं किंचित पुढेमागे होतात, ती चूक दुसऱ्या टाळीवर पकडता येते.

खोलीसाठी महागडा फोम लागत नाही. बोलणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा, खाली गादी टाका. माइक तोंडापासून चार बोटांवर, पण समोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका ठेवा. मराठीतले फ, भ, ख, ठ हवेचा झोत घेऊन येतात आणि समोरच्या माइकवर आदळतात. तपासायला हे वाक्य नेहमीच्या आवाजात म्हणा: ‘फैजपूरच्या भाऊनं भुसावळला भरीत-भाकरी खाल्ली.’ प्रत्येक भ-ला ‘धप्प’ ऐकू आलं तर माइक आणखी तिरका करा. लेव्हल लावताना मात्र हळू बोलू नका. हरलेल्या मॅचची गोष्ट रंगली की आवाज दुपटीने चढतो. तो चढलेला आवाज रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या खाली राहायला हवा. एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

खरी अडचण मे महिन्यात येते. पारा ४४-४५ ला असताना कूलर बंद करून कोणी तासभर बसू शकत नाही, आणि कूलर चालू असेल तर रेकॉर्डिंग वाया जातं. पहाटे पाच ते साडेसहा ही वेळ धरा. त्या वेळी घर थंड असतं आणि रस्ताही शांत. लाइट जाण्याची भीती असेल तर लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवा आणि दर पंधरा मिनिटांनी फाइल सेव्ह करून नवी सुरू करा.

हीच गरमी परीक्षणातही येऊ द्या. तापलेला फोन स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो, म्हणून सकाळी सेकंदाला ६० फ्रेमवर चालणारा गेम भर दुपारी अडखळतो. दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास खेळा. फोनचं मॉडेल, ग्राफिक्स सेटिंग, बॅटरी किती टक्के उतरली आणि एकूण किती तास खेळलात, हे परीक्षणाच्या सुरुवातीलाच सांगा. थंड एसी खोलीत बसून केलेल्या परीक्षणात आपल्याकडच्या श्रोत्याला हे मिळत नाही.

भाग ४० मिनिटांचा पुरे: पाच मिनिटं बातम्या, २५ मिनिटं मुख्य विषय, उरलेली श्रोत्यांच्या प्रश्नांना. शेवटची दोन मिनिटं अहिराणीत बोला. ‘गेम भारी शे’ एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला घरचं वाटतं.

एडिटिंगला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. सुरुवातीची दहा सेकंदं कोणी न बोलता रेकॉर्ड करा, तोच खोलीच्या आवाजाचा नमुना. त्या नमुन्यावरून मागचा आवाज कमी करणारं नॉइज रिडक्शन १२ डेसिबलच्या वर नेऊ नका, नाहीतर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. लाउडनेस, म्हणजे भागाचा सरासरी आवाज, मोनोला उणे १९ एलयूएफएस (त्याचं एकक) ठेवा, स्टिरिओला उणे १६. मोनो, ९६ केबीपीएस एमपी३ केली की ४० मिनिटांची फाइल साधारण २९ एमबी होते. मोबाइल डेटावरही चढते.

होस्टिंगवर, म्हणजे भाग जिथे चढवायचे त्या सेवेवर, भाषा मराठी निवडा, चौकोनी कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं द्या. फीडमध्ये (पॉडकास्ट अ‍ॅप जिथून भाग उचलतात ती यादी) दिलेला ईमेल लोकांना दिसू शकतो, म्हणून वेगळा उघडा.

गेममधलं गाणं वाजवू नका. परीक्षणासाठी छोटा तुकडा वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाव आहे, पण प्लॅटफॉर्मची आपोआप चालणारी तपासणी तेवढा विचार करत नाही. जाहिरात मागायला कोणी आलं तर आधी गेम कसला आहे ते पाहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आणि त्यांच्या जाहिरातींवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. बाकी कोणाकडून पैसे किंवा फुकट गेम घेतला असेल, तर परीक्षण सुरू करण्याआधीच ते श्रोत्यांना सांगा.