आरक्षण उठण्याआधी: मुंबईत आपल्या वस्तीच्या भूखंडासाठी हरकत कशी नोंदवावी

मुंबईच्या विकास आराखड्यात, म्हणजे कोणती जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या नकाशात, मैदान, शाळा किंवा दवाखान्यासाठी राखून ठेवलेल्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं तर ते चोरून करता येत नाही. राजपत्रात सूचना येते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात जाहिरात येते. हरकतींना एक महिना मिळतो. तो महिना उलटून जागेला पत्रे लागले की मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘हे कधी ठरलं?’ सुरू होतं. मोर्चा, मेणबत्त्या, चॅनेलवाले हे सगळं त्यानंतरचं. त्याआधी एक कागद योग्य टेबलावर वेळेत पोचवायचा असतो, आणि माझ्या मते निम्मी लढाई तिथेच होते.

भूखंड कागदावर ओळखा

आपण म्हणतो ‘मागचं ग्राउंड’. पालिकेला फक्त नंबर कळतो. उपनगरात तो सी.टी.एस. नंबर (नगर भूमापन क्रमांक) आणि त्यासोबत गावाचं नाव, म्हणजे मौजे पहाडी गोरेगाव, मौजे मालाड असं. शहर भागात सी.एस. नंबर आणि डिव्हिजन. नंबर ठाऊक नसेल तर सोसायटीच्या कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा कागद काढा. त्यातल्या चतुःसीमेत शेजारच्या भूखंडांचे नंबर बहुधा लिहिलेले असतात. सेक्रेटरीच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या त्या फायलीचा असाही उपयोग होतो.

नंबर हाती आला की २०३४ च्या विकास आराखड्याचा नकाशा पालिकेच्या संकेतस्थळावर पाहा. नकाशावरचे संकेत पहिल्यांदा डोळे फिरवतात, पण किल्ली सोपी आहे: ‘आर’ने सुरू होणारा संकेत म्हणजे आरक्षण, अर्थात होणार असलेली सुविधा, ‘ई’ने सुरू होणारा म्हणजे आज अस्तित्वात असलेली. त्यापुढे ‘ओएस’ आलं तर मोकळी जागा. मुलं रोज खेळतात ते मैदान नकाशावर ‘ई’मध्ये आहे की ‘आर’मध्ये, हे नक्की पाहून घ्या. ‘आर’मध्ये असेल तर जागा अजून खाजगी मालकाची असू शकते आणि तुमचं क्रिकेट त्याच्या मेहरबानीवर चाललेलं असू शकतं. याच नंबरचा डी.पी. रिमार्क, म्हणजे त्या भूखंडावर आराखड्यात काय दाखवलंय याचा पालिकेचा लेखी दाखला, पैसे भरून मिळतो. तो काढून ठेवा, हरकतीला जोडायला लागेल.

सूचना कुठे येते आणि ती कोणाची असते

महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ मधलं कलम ३७ लक्षात ठेवा. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तर बहुतेक वेळा या कलमाखाली होतो. ३७(१) ची सूचना पालिका काढते. ३७(१कक) ची सूचना राज्य सरकारचा नगर विकास विभाग काढतो. दोन्हींत हरकतींना एक महिना मिळतो, आणि तो सूचनेत लिहिलेल्या तारखेपासून मोजायचा, आपल्या वाचनात आली त्या दिवसापासून नव्हे.

हा फरक तांत्रिक वाटतो, पण हरकती वाया जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. पालिकेच्या सूचनेवरची हरकत प्रमुख अभियंता (विकास नियोजन) यांच्याकडे जाते. सरकारच्या सूचनेत बहुधा उपसंचालक, नगर रचना, बृहन्मुंबई यांचं नाव असतं, आणि त्यांचं कार्यालय आझाद मैदानाजवळ आहे. सगळे जण वॉर्ड ऑफिसमध्ये सहायक आयुक्तांना निवेदन देऊन फोटो काढून येतात. सहायक आयुक्त गटार, फूटपाथ आणि फेरीवाले बघतात. आरक्षण बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. निवेदन पुढे पाठवलं जाईलही, पण मुदत तोवर संपलेली असेल.

शिवाय सगळी मुंबई पालिकेच्या नियोजनाखाली नाही. वांद्रे-कुर्ला संकुलासाठी एमएमआरडीए, झोपडपट्टी पुनर्वसन योजनांसाठी एसआरए आणि म्हाडाच्या वसाहतींसाठी खुद्द म्हाडा नियोजन प्राधिकरण आहे. सूचनेच्या शेवटी सही कोणाची आहे ते पाहा आणि त्यालाच लिहा. बाकीच्यांना प्रत द्या.

झाडांचा प्रकार वेगळा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाडं तोडण्याची सूचना वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही चिकटवतात. हरकतीला मिळतात फक्त ७ दिवस. पण खोडावर कागद आणि नंबर दिसले की त्या जागेवर काहीतरी शिजतंय हे नक्की, म्हणून सकाळी चालायला जाणाऱ्या मंडळींना ते वाचायची सवय लावा.

नकाशा प्रत्यक्ष बघून या

इथे बरेच सुशिक्षित लोक फसतात. सूचना दिसली की लगेच माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात, १० रुपयांचा स्टॅम्प लावतात आणि वाट बघतात. उत्तराला कायद्यानेच ३० दिवस दिलेत. हरकतीचा महिनाही तेवढाच. उत्तर येईपर्यंत दार बंद! अर्ज जरूर टाका, सुनावणीच्या वेळी कागद कामाला येतात, पण हरकत त्यावर अडवून ठेवू नका.

प्रस्तावाचा नकाशा आणि अहवाल कोणत्या कार्यालयात, कोणत्या वेळेत नागरिकांना पाहता येईल, हे सूचनेतच लिहिलेलं असतं. तिथे जा. अर्ज नको, ओळख नको. सूचनेची झेरॉक्स दाखवा आणि नकाशा मागा. बघताना तीन गोष्टी वहीत उतरवा: किती चौरस मीटर क्षेत्र आरक्षणातून वगळलं जातंय, त्या बदल्यात कुठे काही दिलंय का, आणि बदलासाठी दिलेलं कारण काय. कारणाचा मजकूर शब्दशः उतरवा. तुमची हरकत त्या कारणाला उत्तर असली पाहिजे.

नकाशावर आरक्षण कायम आहे म्हणून गाफीलही राहू नका. अकोमोडेशन रिझर्वेशनच्या तरतुदीत मालक भूखंडाच्या एका भागात सुविधा बांधून पालिकेला देतो आणि उरलेल्या भागात स्वतःचं बांधकाम करतो. मोकळ्या जागेच्या आरक्षणावर झोपडपट्टी असेल तर २०३४ च्या नियमावलीप्रमाणे किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवून बाकीवर पुनर्वसन करता येतं. त्या झोपड्यांत राहणाऱ्यांना पक्कं घर मिळणार असतं आणि तो हक्क आहेच. त्याविरुद्ध उभं राहणं मला पटत नाही. पण उरलेले ३५ टक्के एकसंध असणार की इमारतींमधल्या फटींत वाटले जाणार, त्याला रस्त्यावरून सर्वांना जाता येणार की गेटमधून, हे दोन प्रश्न त्या वस्तीतल्या आणि शेजारच्या रहिवाशांनी मिळून विचारायला हवेत.

हरकत लिहिताना

‘आम्ही या प्रस्तावाचा तीव्र निषेध करतो’ हे वाक्य कागदावर लिहिलं की अधिकाऱ्याचं काम सोपं होतं. निषेधाला उत्तर द्यावं लागत नाही. मुद्द्याला द्यावं लागतं. मजकूर साधारण असा ठेवा:

‘मौजे अमुक, सी.टी.एस. क्र. अमुक या भूखंडावर २०३४ च्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. प्रस्तावित फेरबदलाने ते वगळण्यात येत आहे. मी या भूखंडालगतच्या इमारतीत राहतो, त्यामुळे मी बाधित आहे. समोरच्या पालिका शाळेला स्वतःचे पटांगण नाही व तिचे विद्यार्थी ही जागा वापरतात. फोटो जोडले आहेत. जवळची इतर मैदाने व त्यांची चालत अंतरे सोबतच्या नकाशावर दाखवली आहेत. त्यांपैकी एकाही ठिकाणी लहान मुलांना मुख्य रस्ता ओलांडल्याशिवाय जाता येत नाही. सबब आरक्षण वगळू नये. वगळायचेच ठरल्यास याच प्रभागात तितक्याच क्षेत्रफळाची, सार्वजनिक रस्त्याला लागून असलेली जागा आधी आरक्षित करावी. मला समक्ष सुनावणी मिळावी.’

यातलं ‘बाधित’ मुद्दाम लिहायचं. कायदा बाधित व्यक्तींना सुनावणी देतो, आणि बाधित म्हणजे जमीनमालक एवढाच अर्थ लावण्याकडे कल असतो. ‘वगळायचेच ठरल्यास’ या वाक्यावर काही कार्यकर्ते नाक मुरडतात, म्हणतात माघार आधीच कशाला लिहायची. मी मात्र ते लिहायला सांगेन. सरकार फेरबदल काही बदलांसह मंजूर करू शकतं, आणि तो बदल कोणता असावा हे आपण सुचवलं नाही तर दुसरं कोणीतरी सुचवतंच.

छापील मसुद्यावर शेकडो सह्या घ्याव्यात का? घ्याव्यात, पण त्यावर विसंबू नये. फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ च्या आराखड्याचा पहिला मसुदा आला तेव्हा रस्ते, वारसा वास्तू, कोळीवाडे यांच्या नोंदींत ढीगभर चुका निघाल्या, हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो मसुदा नव्याने करायला सांगितला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि मंजुरी थेट मे २०१८ मध्ये. तिथे संख्येने राजकीय दबाव आणला हे खरं. पण संख्येला वजन आलं ते लोकांनी आपापल्या गल्लीतली चूक नंबरासकट दाखवली म्हणून. एकट्या भूखंडाच्या प्रकरणात एकसारख्या ५०० हरकती ‘एकाच आशयाच्या’ म्हणून एकत्र निकालात काढता येतात. त्यापेक्षा शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, ज्येष्ठ नागरिक संघाचं पत्र आणि डॉक्टरांचं पत्र, तिन्ही वेगवेगळ्या मुद्द्यांवर, जास्त अडचणीचं ठरतं.

कागद हाताने द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ई-मेल वेगळा पाठवा. पोच नसलेली हरकत पुढे न दिलेल्या हरकतीसारखीच.

नगरसेवकाला कामाला लावा

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं समित्या आणि सभागृह या सगळ्यांचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या काळात अशा प्रस्तावावर बोलायला निवडून आलेला कोणी नव्हता. आता २२७ नगरसेवक आहेत, तर त्यांचा उपयोग करा.

आरक्षणाशी संबंधित प्रस्ताव सुधार समितीपुढे आणि मग सभागृहापुढे जातो. तिथे तो मंजूर होऊ शकतो, फेरविचारासाठी परत जाऊ शकतो किंवा दप्तरी दाखल होऊ शकतो, म्हणजे नामंजूर होऊन फाईल बंद होऊ शकते. म्हणजे आपला नगरसेवक त्या समितीत नसला तरी समितीतल्या त्याच्या पक्षाच्या सदस्याला गाठता येतं. त्याला ४० पानांची फाईल देऊ नका. अर्धं पान द्या: भूखंड क्रमांक, आरक्षण, किती क्षेत्र जातंय, विचारायचे दोन प्रश्न. आणि बैठकीच्या आधी द्या. ‘साहेब, लक्ष घाला’ असं मोघम सांगितलं की साहेब मान डोलावतात आणि पुढच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आपल्या मैदानाचा फोटो येतो. विरोधी पक्षातल्या सदस्यालाही तेच अर्धं पान द्या. यात लाजायचं काही नाही.

सुनावणी

वेळ मिनिटांत मिळतो. एकानेच बोलावं, बाकीच्यांनी हजेरीच्या कागदावर सही करावी. आधी दिलेली हरकत वाचून दाखवू नका. प्रस्तावातलं कारण उचला आणि ते का टिकत नाही एवढंच सांगा. बोललेलं सगळं लेखी नेऊन तिथेच द्या आणि पुन्हा पोच घ्या. अंतिम निर्णय राज्य सरकार घेतं. तो विरोधात गेला आणि पुढे उच्च न्यायालयात जायची वेळ आली, तर तुम्ही वेळेत काय मांडलं होतं हे या कागदांवरूनच ठरेल.

२०२८ ची तयारी

याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना, म्हणजे ‘जमीन विकत घ्या’ अशी नोटीस, देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत की आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. इथे जाहिरात नाही, हरकत नाही, सुनावणी नाही. २०३४ चा आराखडा २०१८ मध्ये अमलात आला, तेव्हा ही १० वर्षं २०२८ मध्ये भरतात.

अशा खरेदी सूचनेवरचा प्रस्तावही सुधार समितीकडे येतो. मात्र इथे हिशेब उलटा: आरक्षण बदलण्याचा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला तर जागा वाचते, खरेदीचा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला तर ती जाते. म्हणून आपल्या प्रभागातल्या ‘आर’ संकेताच्या खाजगी भूखंडांची यादी आत्ताच नकाशावरून उतरवा, त्यातले वस्तीला खरोखर लागणारे चार-पाच निवडा आणि पालिकेच्या अर्थसंकल्पाच्या सूचना मागवल्या जातील तेव्हा त्यांच्या संपादनासाठी तरतूद करा असं नंबरासकट लिहून द्या. त्याची एक प्रत नगरसेवकाकडे, एक विकास नियोजन विभागाकडे आणि शिक्का मारलेली तिसरी सोसायटीच्या फायलीत, कन्व्हेयन्सच्या शेजारी.